पट्टी निळी झाली होती, सुधे

तुह्या कॉलेजातून दोन सर दुकानात आले होते. तुह्या नावानं छोटं पुस्तक काढाचं आहे म्हणे, तुमी तिच्या शाळेपासूनच्या मैत्रीण, दोन पानं लिहून द्या, फक्त भाषा जरा शुद्ध ठेवा. मी दोन दिवस बसली. 'आज तू आमच्यात नाहीस' एवढं लिहिलं अन् फाडून टाकलं. तू नाहीस हे काय लिहून कळाचं आहे? शाळेच्या बाकावर बसल्यापासून तुह्यासंग मी कधी शुद्ध बोलली नाही, आता तू मेल्यावर काहून बोलू? जसं भांडत होती तसंच लिहितो. छापाचं असन तं छापतीन, नाही तं चुलीत घालतीन.

अन् पहिलेच सांगतो, मले रडू कमी येते अन् राग जास्त येते. लोक म्हणतात गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मी कायले नाही बोलू? जन्मभर उन्हाचं शास्त्र शिकली, शिकवलं, अन् शेवटी ऊन लागून मेली. याच्यावर हात जोडून काय शांती मागू? शांती माह्या घरात नाही अन् दुकानात बी नाही. परवा एका बाईच्या ब्लाउजचा गळा मी उलटा कापला, कात्री चालवता चालवता तुह्यासंग भांडून राह्यली होती म्हणून.

तुले ठाऊक आहे, पण वाचणाऱ्याले ठाऊक नाही, म्हणून सांगतो. तुही राख थंड झाली नाही तं तुह्या माहेरी कामरगावात बोलणं सुरू झालं. बापूसाहेबांच्या भुईमुगात कॉलेजची मॅडम पडली. तिच्या मनगटावर तिचीच पट्टी होती, जास्त ऊन झालं की निळी होणारी, अन् त्या पट्टीनं रंगच बदलला नाही. जिनं बनवली तिलेच वाचवलं नाही तं आपल्या बायायले काय वाचवन? त्या शेताचे मालक बापूसाहेब, त्यांनी बायायजवळचे पट्टीचे सगळे शर्ट गोळा केले, प्लॅस्टिकच्या पन्नीत कोंबले अन् माह्या दुकानाच्या पायरीवर आणून टाकले. 'ताई, हे भंगार तुमचं, तुमीच ठेवा,' म्हणाले. कॉलेजनं बी तुह्या प्रयोगाच्या खोलीले कुलूप लावलं. चौकशी होईपर्यंत काम बंद.

अन् मले माहीत होतं की पट्टी निळी झाली होती. मी माह्या डोळ्यानं पाह्यली. तेरा दिवस, एका माणसाले सोडून, ही गोष्ट मी पोटात घेऊन फिरली. कारण पट्टी खरी ठरवाची तं सांगा लागते की निळी झाली, तुले दिसली, अन् तरी तू उठली नाहीस. पट्टी वाचवली तं तुहं नाव जाते, नाव वाचवलं तं पट्टी जाते. असा गुंता करून ठेवला अन् स्वतः निघून गेली. हे बरं केलं तुनं.

सारं त्या चष्म्यापासून सुरू झालं. तू कामरगावहून एसटीनं कारंज्याले येत होती, मी कारंज्यातलीच. आपल्या विज्ञानाच्या सरांनी नवा चष्मा घेतला, मैदानात काळा होणारा अन् वर्गात पांढरा होणारा. आमी सगळ्या त्या काळ्या चष्म्याले घाबरत होतो. तू घाबरत नव्हती, तू टक लावून पाहत होती. सर आत आल्यावर काच पांढरी व्हाले किती वेळ लागते ते तू बोटावर मोजत होती. एक दिवस हात वर करून विचारलं, सर, काचेले कसं कळते ऊन आहे म्हणून? सरांले वाटलं पोरगी थट्टा करून राह्यली, त्यांनी तुले बाकावर उभं केलं. तू वरून मले हळूच म्हटलं, इथून तं आणखी चांगलं दिसते. मी फिसकन हसली अन् मले बी उभं केलं. तवापासून तुह्या पायी मी शिक्षा भोगून राह्यली, आता ही शेवटची.

मंग तू शिकत गेली, मी मशीनवर बसली. तू कारंज्यातच प्राध्यापक झाली, मी बसस्टँडच्या मागं दुकान टाकलं. अन् तीन-चार वर्षांमागं एक दिवस तू भर दुपारी आली, पदराच्या टोकाची गाठ सोडली अन् त्याच्यातून चार बोटं रुंद एक पट्टी काढली. एक्स-रेच्या फिल्मसारखी, पण मऊ. बोटाभोवती गुंडाळली तरी तडकत नव्हती. तुनं ती दाराजवळ उन्हात ठेवली अन् मले म्हटलं, आता बोलू नको, पाहात राहा. लिंबाच्या सालीसारखी पिवळी होती, ती हिरवट झाली, मंग निळी होत गेली. सेल नाही, वायर नाही, काहीच नाही. एक थर ऊन खाते अन् चिमूटभर करंट बनवते, अन् त्या करंटनं दुसऱ्या थराचा रंग बदलते, असं तुनं सांगतलं. जितकं ऊन साचन तितकी निळी. सावलीत ठेवली तं दोन-तीन तासांत पुन्हा पिवळी.

मी विचारलं, हे कायले पाहिजे? साडीच्या बॉर्डरले लावाचं आहे का?

तू हसली नाहीस. तुही माय अशीच एकदा भुईमुगात बसल्या जागी आडवी झाली होती. वाचली, पण मंग कधी पहिलेसारखी झाली नाही, मेथीची भाजी निवडता निवडता विसरून जात होती की काय करून राह्यली. तुहं म्हणणं होतं, ऊन लागलं हे लागल्यावर कळते, अन् तवा उशीर झालेला असते. मनगटावर काहीतरी पाहिजे, जे आधी सांगन. निळी झाली की उठाचं, सावलीत जाचं, पाणी प्याचं, पिवळी झाली की पुन्हा कामाले लागाचं. दोन ओळींचं काम. पाचवीच्या पोरीले बी समजन असं.

पण तुले सुई धराची अक्कल नव्हती, हे बी लिहून ठेवतो. पहिल्या पट्ट्या तुनं शर्टाले सरळ टाके मारून लावल्या. टाक्याच्या भोकातून घाम आत गेला अन् पट्ट्या मेल्या. रडकुंडीले येऊन आली माह्याकडे. मी म्हटलं, शाळेत शिवणाच्या तासाले पुस्तक वाचत बसत होती नं, आता भोग. मंग मी तुले करून दिलं. शाळेच्या दप्तराले नावाची चिठ्ठी ठेवाले पारदर्शक खिसा असते, तसा खिसा डाव्या कफवर शिवला, चारी बाजूनं पायपिंग, पट्टीले सुईचा हात बी लागला नाही पाहिजे. शेतातल्या बाया साडीवरून नवऱ्याचा जुना फुलशर्ट घालतातच, त्याच शर्टाले लावून दिलं. तुनं तुह्या संशोधनाच्या इंग्रजी कागदात खाली माहं नाव टाकलं अन् बोट ठेवून दाखवलं. नाव काय चाटाचं आहे का, दोन शर्ट आणखी आण, असं मी तोंडानं म्हटलं. पण तो कागद मी कटिंगच्या टेबलाच्या काचेखाली ठेवला, अन् दुकानात आलेल्या प्रत्येक बाईले दाखवला. हे तुले कधी सांगतलं नाही. तू गेल्यावर माह्या लक्षात आलं, असं न सांगितलेलं लय आहे माह्याजवळ.

पहिले शर्ट कांताबाईच्या टोळीले दिले. कांता कामरगावची, सात बायायले घेऊन शेतोशेती जाते, तोंडानं फटकळ अन् कामाले वाघीण. आठ दिवसांनी तू पाहाले गेली तं सगळ्या पट्ट्या पिवळ्याधम्मक, जशा दिल्या तशा. एप्रिलचं ऊन डोकं फोडून राह्यलं अन् पट्टी हलली नाही. तुले वाटलं रसायन मेलं. तीन आठवडे तू कॉलेजच्या खोलीत कोंडून घेतलं, डबा तसाच परत नेत होती, तुहा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, मले फोन करून सांगत होते की ताई, तुमी तरी हिले सांगा. मंग मी एक दिवस बटणं लावाच्या निमित्तानं कांता कामाले होती त्या वावरात, म्हणजे शेतात, गेली. पाहतो तं काय, आठही जणींनी डावा कफ आतून दोन घड्या घालून दुमडला होता अन् वरून सेफ्टीपिन लावली होती. मी विचारलं, काहून वं? कांता म्हणे, नवी वस्तू आहे ताई, मातीनं खराब होईन, मंग मॅडम काय म्हणन?

मी वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, बसून हसली. तुले येऊन सांगतलं तं तू आधी इतकी भडकली की स्टूल लाथाडलं, अन् मंग तुले बी हसू फुटलं, उचकी लागेपर्यंत. बाजूचे शेठजी दुकानातून डोकावून गेले, बाया काहून ओरडून राह्यल्या म्हणून. आता माह्या दुकानात तसं कोण हसन? या स्टुलावर आता कोणी बसलं तं मले राग येते. गिऱ्हाइकाले मी उभंच ठेवतो.

तवाच मी म्हटलं होतं, सुधे, तुले पट्टीचं शास्त्र कळते, बायायचं कळत नाही. तू म्हणे, मी काय विलायतेतून आली का, मी बी कामरगावच्या मातीतली आहे. आहे नं. पण शेतातून उठून तुले तीस वर्षं झाली होती, अन् शेतात काही गोष्टी अशा असतात की त्या उठून गेलेल्या माणसाले दिसत नाहीत.

पातीची गोष्ट घे. वाचणाऱ्यासाठी सांगतो. वावरात बाया एका रांगेत लागतात, प्रत्येकीच्या वाट्याले दोन-तीन ओळी, तिले पात म्हणतात. सगळ्या एका धुऱ्यावरून संग निघतात अन् दुसऱ्या धुऱ्यावर संग पोचतात. मधातून कोणी उठली तं तिची पात दोहीकडच्या बाया ओढतात, हे ठरलेलं आहे. म्हणून मधातून कोणी उठत नाही. दुखत असो, ताप असो, धुऱ्यापर्यंत जाचंच. अर्ध्या पातीवरून उठली, हे एकदा नावाले चिकटलं की सासरी, माहेरी, लेकीच्या लग्नात बी निघते. आता याच्यात तुही पट्टी काय करन? ती एकेकीच्या मनगटावर एकेकीले सांगते, उठ. अन् ती बाई आजूबाजूले पाहते, कोणी उठली नाही, मंग ती बी मान खाली घालते.

हे मी तुले सांगतलं होतं. तुह्या मरणाच्या दहा दिवस आधी, याच दुकानात. तुहा शेवटचा प्रयोग ठरला होता, बापूसाहेबांच्या उन्हाळी भुईमुगात. आठ बाया अन् नववी तू. तू धुऱ्यावर वही घेऊन उभी राहणार नव्हती, तसं केलं तं मुकादमासारखं होईन म्हणे, बाया भीतीनं वागतीन. तू स्वतः पात धरणार होती, भुईमूग उपटणार होती. इथपर्यंत बरं. पण पुढं तू म्हटलं, मी कोणाले उठा म्हणणार नाही, स्वतः होऊन पहिले उठणार बी नाही. पट्टी पाहून एक तरी बाई आपल्या मनानं उठली पाहिजे. मी उठवलं तं माह्या तोंडानं काम केलं, पट्टीनं नाही, कागदात काय लिहू?

मी म्हटलं, बाया पट्टीकडे पाहतीन का तुह्याकडे? तू कॉलेजची बाई, तू बसली असशीन तं कोणाची छाती होईन उठाची? तू उठ पहिले. तुह्या कागदाले आग लाव.

तू टेबलाच्या काचेवर ठेवलेली पट्टी उचलली, पर्समध्ये ठेवली अन् मले म्हटलं, "शोभे, तू शिवण पाहाय. प्रयोग मले पाहू दे."

मी मशीन फिरवली. तू चहा न पिता गेली. बस, एवढंच. इतक्या वर्षांत याच्याहून मोठी भांडणं झाली होती आपली, पण हे लागलं मले. शिवण पाहाय म्हणे. त्या खिशाशिवाय तुही पट्टी घामात सडली असती, हे मी म्हणाले पाहिजे होतं, पण तेही म्हटलं नाही. फोन केला नाही. तुनं बी केला नाही. सहा-सात दिवसांनी तुही स्कूटी दुकानासमोर हळू झाली. मले आवाजावरून समजलं. मी मान वर केली नाही. थोडा वेळ इंजिन चालू राह्यलं अन् मंग तू गेली.

मंग त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास कांताचा फोन. बाई पडल्या, जीपमध्ये टाकून आणून राह्यलो, कारंज्याच्या दवाखान्यात या. मी चपला घालाच्या विसरली. मी पोचली तवा तू पडद्याच्या आड होती. कांताची साडी ओली होती, सगळ्यांनी मिळून डबकीतलं प्याचं पाणी तुह्या अंगावर ओतलं होतं. डॉक्टर बाहेर आले. ऊन लागलं, लय उशीर झाला, म्हणाले. नर्सनं माह्या हातात तुह्या कपड्याचं बोचकं दिलं. माहाच शर्ट, मीच शिवलेला. मी डावा कफ पाह्यला.

निळा होता, सुधे. काठापासून काठापर्यंत निळा, पिवळ्याचा टिपका बी नव्हता. इतकी निळी पट्टी मी कधी पाह्यली नव्हती. तासभर तरी तू त्याच्यानंतर बसली असशीन.

मी तो शर्ट मांडीवर घेऊन बाकावर बसली. अन् तुह्या पट्टीनं तुह्या सांगण्याप्रमाणं केलं. सावलीत आली तशी उतरत गेली, आधी हिरवट, मंग पिवळी. माह्यासमोर उतरली. मले समजून राह्यलं होतं की हे कोणाले तरी दाखवाले पाहिजे, फोटो काढाले पाहिजे, पण माहे हात उचलत नव्हते. पाचच्या सुमारास बापूसाहेब भाऊजीले घेऊन आले, शर्ट पाह्यला अन् म्हणाले, पाहा, रंगच नाही बदलला. मी तोंड उघडलं. समोर भाऊजी डोकं धरून बसले होते. मी तोंड बंद केलं.

तिसऱ्या दिवशी भाऊजीले एकट्यात सांगतलं. ते म्हणाले, "ताई, हे कोणाले सांगू नका. लोक म्हणतीन, पट्टी पाहून बी बाई मुद्दाम बसून राह्यली. म्हणजे काय समजतीन लोक?"

काय समजतीन ते मले समजलं. त्यांचा चेहरा पाहून मी हो म्हटलं. अन् घरी येऊन तुह्यावर इतकी चिडली की भांडी आदळली. माह्या लेकीनं विचारलं, आई, काहून? मी म्हटलं, काही नाही, सुधामावशीनं नवऱ्याले मान वर कराले जागा ठेवली नाही. तुह्या एका कागदासाठी! त्या कागदात आता कोण काय लिहिणार आहे? आठ बाया बसल्या, नववी मेली, असं लिहाचं?

तेरवी कारंज्याले तुह्या घरीच झाली. कांता अन् तिची टोळी जीप करून आली होती, ओसरीच्या कोपऱ्यात बसल्या, कोणाकडे पाहत नव्हत्या. जेवणं झाल्यावर बापूसाहेब सुपारी कातरता कातरता पुन्हा सुरू झाले. बाई चांगली होती बापा, पण हे नवं नवं यंत्र, याच्या नादी लागून गेली. पट्टीनं इशाराच दिला नाही. शिकलेल्या माणसानं आपल्या यंत्रावर इतका विश्वास ठेवू नये.

मी उठली. मले भाऊजीकडे पाहाचं नव्हतं, पण पाह्यलं. अन् तरी म्हटलं, "पट्टी निळी झाली होती. दवाखान्यात माह्या मांडीवर होती. तुमी आले तवा उतरली होती."

भाऊजींनी मान खाली घातली. बापूसाहेबांनी सुपारी खाली ठेवली अन् विचारलं, मंग मॅडम उठल्या काहून नाही? मले वाटलं, झालं, शेवटी तुले मीच बुडवलं.

कोपऱ्यातून कांता बोलली. खाली पाहूनच बोलली. "आमच्या बी झाल्या होत्या. आठी जणींच्या."

मंग तिनं सारं सांगतलं. साडेअकरालेच पट्ट्या निळ्या झाल्या होत्या. एकीनं दुसरीले खूण केली, दुसरीनं तिसरीले. पण बाई बसली होती. बाईले या गोष्टीचं समजते, बाई बसली आहे म्हणजे अजून बसाचं असन, असं त्यायले वाटलं. बाई मान वळवून वळवून पाहत होती एकेकीकडे, अन् यायले वाटलं, कोण कामचोर आहे ते पाहून राह्यली. मंग कोण उठते? तेरा दिवस त्या बोलल्या नाहीत, कारण त्यायले वाटत होतं, आपण उठलो असतो तं बाई वाचली असती. आपल्या डोक्यावर मरण येईन.

"आमी बाईकडे पाहून राह्यलो होतो ताई," कांता मले म्हणाली, "अन् बाई आमच्याकडे."

भाऊजी उठले. आतून पाण्याचा तांब्या भरून आणला अन् स्वतः कांतापुढं ठेवला. ती प्याली नाही, पदरात तोंड घालून रडली, अन् मंग बाकीच्या सात जणी. मी रडली नाही. माह्या डोक्यात आग होती. मूर्ख बाई! तुले त्यायच्या डोळ्यात काय दिसत होतं? एवढी शिकली अन् एक गोष्ट समजली नाही, की त्या तुह्या परवानगीची वाट पाहून राह्यल्या होत्या. अन् तू त्यायच्या स्वातंत्र्याची. दोघींचं बी चांगलं मन होतं, अन् त्या चांगल्या मनानं तुहा जीव घेतला. वाईट मनाच्या माणसाले मी शिव्या तरी घातल्या असत्या.

पुढच्या सोमवारी मी दुकान बंद ठेवलं. बापूसाहेबांचा भुईमुगाचा तुकडा उपटाचा राह्यला होता. मी कांताले सांगतलं, मले पात दे. बापूसाहेबाले बी सांगतलं की बाया पट्टीचे शर्ट घालतीन. घालाचे तं घाला, माहा भुईमूग निघाला पाहिजे, एवढं म्हणून ते धुऱ्यावरून निघून गेले. मी पन्नीतले शर्ट धुऊन, इस्त्री करून नेले होते. कफ कोणी दुमडला नाही.

माहे गुडघे गेलेले आहेत तुले ठाऊक आहे. तरी मी बसली, कांताच्या बाजूले. भुईमुगाचं झाड हलवून उपटाचं, माती झटकाची, मागं टाकाचं. दहापर्यंत बोलणं होतं, मंग बोलणं थांबलं. साडेअकरा वाजता पाह्यलं, निळी. मी ठरवून आली होती की निळी दिसली की त्याच क्षणी उठीन. अन् सुधे, मी उठली नाही. डावीकडे पाह्यलं, उजवीकडे पाह्यलं. सगळ्यायच्या माना खाली. अर्धी पात समोर होती. मले लाज वाटली. पन्नास वर्षांची बाई मी, तेरवीत बापूसाहेबासमोर बोललेली, अन् मले अर्ध्या पातीवरून उठाची लाज वाटून राह्यली होती. आणखी दोन झाडं उपटली मी. मंग तुहा चेहरा समजला मले, इकडे तिकडे पाहणारा, वाट पाहणारा.

मी गुडघ्यावर हात देऊन उठली. "चला वं," म्हटलं, "निळी झाली."

कांतानं वर पाह्यलं अन् लगेच उठली. मंग बाजूची, मंग तिच्या बाजूची, अशा आठी जणी. कडुनिंबाखाली जाऊन बसलो, पाणी प्यालो. वावर मधात अर्धं पडलं होतं अन् त्याच्यावरून कोणी काही म्हटलं नाही. मिनिटभराचं काम होतं ते, सुधे. कोणीतरी एकीनं उठाचं होतं, जिले कागद लिहाचा नाही अन् जिची बायायले भीती नाही. ते काम माहं होतं. अन् त्या दिवशी साडेअकरा वाजता मी तुह्यावर रुसून, दुकानात काज करत बसली होती.